घरखर्चाला कात्री लावण्याआधी

घरखर्च कमी करायचा असं ठरलं की बहुतेक घरांत पहिली कात्री लागते ती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींना. बाहेरचं खाणं बंद, मुलांचा खाऊ निम्मा, आणि कुणीतरी दिवे मालवत घरभर फिरायला लागतं. पंधरा दिवस घरावर सुतकी कळा. सोळाव्या दिवशी कुणीतरी विचारतं, "एवढं करून उरले किती?" आकडा कुणालाच सांगता येत नाही. मग सगळं पहिल्यासारखं.

यात कुणाचा निग्रह कमी पडतो असं मला वाटत नाही. क्रम चुकतो. रोज मन मारून जेवढं वाचतं त्याहून जास्त एकदा तासभर बसून घेतलेल्या दोन-चार निर्णयांतून वाचतं. शिवाय ते निर्णय मग आपले आपण चालत राहतात, त्यांना रोज निग्रहाचं इंधन लागत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिली पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळलीत तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

पायरी पहिली: महिनाभर नुसतं लिहा

या महिन्यात काहीही कमी करायचं नाही. फक्त लिहायचं. जपानमध्ये हानी मोतोको या महिला पत्रकाराने १९०४ साली घरातल्या जमाखर्चासाठी तयार वही काढली, तिला तिथे काकेइबो म्हणतात. हिशोब हाताने लिहायची ती सवय तिथे आजही टिकून आहे. मोबाइलवरचं ॲप वापरलंत तरी चालेल. मला वही बरी वाटते, कारण लिहिताना हात क्षणभर थांबतो आणि त्या क्षणात बरंच कळतं.

रोजचा रोख खर्च वहीत लिहा. ऑनलाइन दिलेले पैसे वहीत येत नाहीत, म्हणून बँकेच्या आणि कार्डाच्या मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी काढून शेजारी ठेवा. तिसरी यादी वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांची: विम्याचा हप्ता, शाळेची फी, वाहनाची दुरुस्ती, लग्नकार्यातले आहेर, सुट्टीतला प्रवास. त्यांची बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याच्या खर्चात धरा. हे केलं नाही की घर दहा महिने शिलकीत दिसतं आणि उरलेल्या दोन महिन्यांत कार्डावर उधारी चढते. लोक त्याला 'अचानक आलेला खर्च' म्हणतात. विम्याची तारीख वर्षभर आधीपासून ठाऊक असते, अचानक कसला?

एक सक्त नियम: वहीत 'किरकोळ' नावाचा रकाना ठेवायचा नाही. आमच्या पहिल्या महिन्यात मी ठेवला होता आणि तिसऱ्या आठवड्यात तो वाणसामानाच्या खालोखाल मोठा झाला. फोडून पाहिला तेव्हा आत काय निघालं? वस्तू घरपोच आणण्याचं शुल्क अकरा वेळा, उशिरा भरलेल्या दोन बिलांचा दंड, घरात असूनही न सापडलेली म्हणून पुन्हा विकत घेतलेली कात्री, आणि एका ॲपची वर्गणी, जी घरातल्या एकालाही आठवत नव्हती. खऱ्या अर्थाने किरकोळ असं त्यात फारच थोडं होतं.

पायरी दुसरी: खर्चाचे तीन ढीग करा

महिना संपला की प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर लिहा. 'ब' म्हणजे बांधील खर्च: भाडं, कर्जाचे हप्ते, विमा, इंटरनेट, वर्गण्या. 'व' म्हणजे वापरावर चालणारा: वाणसामान, वीज, पाणी, इंधन. 'म' म्हणजे मनावर चालणारा: कपडे, करमणूक, भेटी, हौसमौज.

आपण कात्री घेऊन आधी 'म'कडे धावतो, कारण तो दिसतो आणि थोडा अपराधीही वाटतो. पण सुरुवात 'ब'पासून करायची. तिथे एक फोन किंवा एक अर्ज केला की बचत दर महिन्याला आपोआप होते आणि घरातल्या कुणालाही काही सोडल्यासारखं वाटत नाही. मग 'व', आणि 'म' सर्वांत शेवटी. बऱ्याच घरांत तिथवर पोचेपर्यंत त्याला फारसा हात लावावा लागत नाही.

पायरी तिसरी: बांधील खर्च सैल करा

एक निवांत दुपार काढा आणि 'ब'ची यादी वरपासून खाली घ्या. प्रत्येक वर्गणीपुढे लिहा की मागच्या तीस दिवसांत ती किती वेळा वापरली. शून्य असेल तर आजच बंद. 'पुढे लागेल' हे कारण धरू नका. लागली तर पुन्हा चालू करायला दोन मिनिटं लागतात, आणि बंद केलेल्या ग्राहकाला परत बोलवायला कंपन्या बहुधा सवलतच देतात. फुकट चाचणीचा महिना घेतलात तर तो संपायच्या दोन दिवस आधीची आठवण फोनमध्ये त्याच क्षणी लावा, नंतर नाही.

मोबाइल आणि इंटरनेटच्या योजनांत आपण नेमका किती डेटा वापरतो ते फोनच्याच सेटिंगमध्ये दिसतं. योजना त्या आकड्याच्या जवळपासची घ्या. विम्याचं नूतनीकरण डोळे मिटून करू नका, दरवर्षी दोन-तीन ठिकाणचा दर विचारा. मात्र हप्ता कमी दिसला म्हणून संरक्षणाची रक्कम आणि अटी न वाचता बदल करायचा नाही. स्वस्त विम्याची खरी किंमत दवाखान्यात कळते.

आता कर्ज. कार्डावरच्या थकबाकीला महिन्याला ३ टक्के व्याज लागत असेल तर आकडा लहान वाटतो. पण व्याजावर व्याज चढत वर्षाचं ते सुमारे ४२.६ टक्के होतं. दहा हजारांची बाकी वर्षभर तशीच राहिली तर चौदा हजार दोनशेच्या वर जाते. दंड आणि शुल्क वेगळं. बिलावर 'किमान रक्कम' ठळक छापलेली असते. ती भरली की दंड टळतो, कर्ज मात्र जवळपास जागच्या जागी राहतं. सगळ्या कर्जांची यादी व्याजदराच्या उतरत्या क्रमाने करा, बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवा आणि हाताला लागेल ती जास्तीची रक्कम सर्वांत वरच्या कर्जावर टाका. काही जण आधी सर्वांत छोटं कर्ज संपवा म्हणतात, एक खातं बंद झालं की हुरूप येतो म्हणून. गणित व्याजदराच्या बाजूने आहे. पण हुरूप नसेल तर गणित वहीतच राहतं, तेव्हा आपला स्वभाव ओळखून ठरवा.

'बिनव्याजी हप्ते' दिसले की दोन प्रश्न विचारा: प्रक्रिया शुल्क किती, आणि पूर्ण पैसे एकदम दिले तर सवलत किती? पुष्कळदा व्याज त्या दोघांत लपलेलं असतं. आवळा देऊन कोहळा काढायची ही जुनीच रीत आहे, फक्त पाटी नवीन.

पायरी चौथी: वाणसामान आणि स्वयंपाकघर

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये एक निरीक्षण मांडलं: कुटुंबाचं उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा वाटा अन्नावर जातो. म्हणजे हात जितका आखडता तितकं स्वयंपाकघर महत्त्वाचं. इथे बचत करायची म्हणजे कमी खायचं किंवा हलकं आणायचं असा अर्थ नाही. विकत घेतलेलं पोटात जाईल एवढं पाहायचं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे, घरांतून. माणशी वर्षाला ७९ किलो. चौघांच्या घराला हे लावून पाहिलं तर वर्षाला तीन क्विंटलच्या वर जातं.

म्हणून यादी करण्याआधी फ्रिज आणि डबे उघडा. बहुतेक जण आधी आठवड्याचा बेत ठरवतात आणि मग सामान आणतात. उलट करा. घरात काय आहे, त्यातलं काय लवकर खराब होईल, ते पाहून बेत ठरवा आणि कमी पडेल तेवढंच यादीत लिहा. फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरच्या कप्प्यात एक उघडा डबा ठेवा आणि त्यावर चिठ्ठी लावा: 'आधी हे संपवा'. अर्धी चिरलेली भाजी, कालचं उरलेलं, तारीख जवळ आलेलं पाकीट, सगळं त्यात. आमच्याकडे हा डबा आल्यावर फ्रिजच्या तळाशी महिन्यातून एकदा सापडणारी ती काळी पिशवी दिसेनाशी झाली. नवीन सामान नेहमी मागे सरकवायचं, जुनं पुढे. दुकानदार हेच करतात.

तारखांचा गोंधळ पुष्कळ अन्न फुकट घालवतो. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास उत्तम राहील. नीट साठवलेला कोरडा पदार्थ त्यानंतर लगेच खराब होत नाही, पाहून आणि वास घेऊन ठरवता येतं. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' मात्र सुरक्षिततेची तारीख आहे, तिथे काटकसर करायची नाही. फ्रिजचं तापमान ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझरचं उणे १८ ठेवा. दार सारखं उघडतं, म्हणून दारातले कप्पे सर्वांत उबदार असतात. तिथे दूध ठेवायची आपली सवय चुकीची आहे, बाटल्या आणि चटण्या ठेवा. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

खरेदीला गेल्यावर पाकिटाच्या किमतीकडे पाहू नका, किलोच्या किंवा लिटरच्या भावाकडे पाहा. किंमत भागिले वजन, फोनवर पाच सेकंदांचं काम. यातून दोन गोष्टी कळतात. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त नसतंच. आणि किंमत तीच ठेवून आतलं वजन घटवलेलं असतं, तेही इथेच पकडलं जातं. मोठं पाकीट खरोखर स्वस्त असलं तरी एक जाच उरतो: घरात भरपूर आहे असं दिसलं की हात सैल सुटतो. तेल, साबण, कपड्यांची पावडर यांची मोठी पिशवी आणा, पण वापरायला छोट्या डब्यात काढून घ्या. कपड्यांची पावडर तर पाकिटावर लिहिलेल्या मापानेच घाला. जास्त घातल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, खळबळायला पाणी मात्र जास्त लागतं.

आठवड्यात दुकानाच्या फेऱ्या किती होतात तेही मोजा. 'फक्त एकच वस्तू' म्हणून गेलेली फेरी एका वस्तूवर थांबल्याचं मला आठवत नाही. पोटात भूक असताना जाऊ नका. ऑनलाइन खरेदीत टोपली भरून रात्रभर तशीच ठेवा, सकाळी त्यातलं थोडंफार आपोआप गळतं. आणि घरपोच शुल्क वाचवायला न लागणारी वस्तू टोपलीत टाकू नका. कोणती रक्कम मोठी, ते आधी बघा.

गॅसबद्दल थोडक्यात: भांड्यावर झाकण, ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर न जाणारी, कडधान्य आधी भिजवलेलं, आणि जमेल तिथे प्रेशर कुकर. कुकरमधलं पाणी वाढलेल्या दाबामुळे १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं, म्हणून शिजायला वेळ कमी लागतो.

पायरी पाचवी: विजेचा मीटर वाचा

एका रात्री हा प्रयोग कराच. घरातलं सगळं 'बंद' करा, फ्रिजही पाच मिनिटं बंद ठेवा आणि मीटरसमोर जाऊन उभे राहा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटमागे किती लुकलुकी होतात त्याचा आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. मग ३६ लाखांना त्या छापील आकड्याने आणि सेकंदांनी भागा. उत्तर म्हणजे त्या क्षणी घर खात असलेले वॅट.

आमच्याकडे सगळं बंद असताना दिवा दर १८ सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे ६२.५ वॅट. महिनाभर असंच चाललं तर ४५ युनिट, तेही कुणी काहीही वापरत नसताना. टॉर्च घेऊन मी आणि मुलगी एकेक प्लग उपसत गेलो. सेट-टॉप बॉक्स, कधीही न ऐकली जाणारी म्युझिक सिस्टीम, प्रिंटर, संगणकाचे स्पीकर. शेवटी फक्त वाय-फायचा राउटर उरला आणि दिवा ९० सेकंदांवर गेला, म्हणजे साडेबारा वॅट. आता ती सगळी उपकरणं एका एक्स्टेंशन बोर्डावर आहेत आणि झोपताना एकच बटण बंद होतं. रात्रीचे आठ तास जरी धरले तरी महिन्याला १२ युनिट वाचतात. दिवे मालवत घरभर फिरण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण एक तास. हे लक्षात ठेवलं की कुठे पाहायचं ते कळतं: जे तापवतं किंवा गार करतं ते महाग, जे उजेड देतं किंवा फिरतं ते त्यामानाने स्वस्त. मिनिटाला ९ लिटर पाणी सोडणारा शॉवर दहा मिनिटं चालला आणि पाणी २५ अंशांवरून ४० वर आणायचं असेल तर दीड युनिटच्या वर वीज लागते. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्या विजेत जवळजवळ आठवडाभर अखंड जळेल. तेव्हा अंघोळ दोन-चार मिनिटांनी आटपती घ्या. साठवणीचा गीझर दिवसभर चालू ठेवू नका, नळ उघडला नाही तरी टाकीतली उष्णता झिरपत राहते आणि तो पुन्हा पुन्हा तापत राहतो. कपडे धुण्याच्या यंत्रातही गरम पाण्याचा पर्याय लावला तर सर्वांत जास्त वीज पाणी तापवण्यातच जाते, म्हणून रोजच्या कपड्यांना साधं पाणी. साध्या एसीत पारा १८ वर नेला म्हणून खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ चालतं.

काही जुनं बदलायचं असेल तर जे सर्वांत जास्त तास चालतं ते आधी. ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी ३० वॅटचा नवा लावला आणि तो रोज १२ तास चालत असेल तर महिन्याला १६ युनिट वाचतात. तोच पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावून उपयोग नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तरी कोळशाचा एकूण खप वाढतच गेला. घरातही तसंच होतं. नवा एसी कमी वीज खातो म्हणून तो दोन तास जास्त चालतो, आणि बिल जिथल्या तिथे.

पाण्याचं एवढंच: सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो, आणि वॉशर ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. शौचालयाच्या टाकीची गळती डोळ्यांना दिसत नाही. टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाका, पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. रंग खाली भांड्यात उतरला तर टाकीतली झडप बदला.

पायरी सहावी: मनावर चालणारा खर्च

इथे घराघरांत भांडणं होतात, म्हणून मी याला फारसा हात लावत नाही. एक उपाय मात्र टिकला: घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, महिन्याची एक ठरलेली रक्कम, जिचा हिशोब कुणीही विचारायचा नाही. ती लहान असली तरी चालते, विचारणा नसणं महत्त्वाचं. तिच्या बाहेरची मोठी खरेदी असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहायची आणि तीस दिवसांनी पुन्हा वाचायची. तोवरही हवीशी वाटली तर खुशाल घ्या. वस्तू घेताना किमतीला ती किती वेळा वापरली जाईल त्याने भागा. रोज पायात असणारे चांगले जोडे स्वस्त पडतात आणि एकदाच घातलेला महागडा पोशाख महाग, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

कुठे कात्री लावायचीच नाही तेही ठरवून टाका. डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या, वाहनाचे ब्रेक आणि टायर, घरातलं वायरिंग, दातांची दुखणी. पुढे ढकललं की यांचं बिल वाढूनच येतं. औषधांत मात्र डॉक्टरांना जरूर विचारा की याच घटकाचं जेनेरिक औषध चालेल का.

पायरी सातवी: वाचलेल्या पैशाला घर द्या

वर्गणी बंद केली, बिल कमी आलं, पण पैसे त्याच खात्यात पडून राहिले तर महिनाअखेरीला ते कुठे गेले ते कळणारही नाही. म्हणून जे वाचलं तेवढीच रक्कम पगार जमा होईल त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्या. आधी त्यातून महागडं कर्ज फेडा, मग तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढा अडीअडचणीचा साठा उभा करा, त्यानंतर बाकीचं. त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवू नका.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी वीस मिनिटं बसा. वहीतल्या तिन्ही ढिगांच्या बेरजा मोठ्याने वाचा, मागच्या महिन्याशी ताडून पाहा आणि पुढच्या महिन्यासाठी एकच बदल ठरवा. एकच. कोण चुकलं याची चर्चा करायची नाही. मुलांना एखादं काम वाटून द्या. आमच्याकडे मीटर वाचायचं काम मुलीकडे आहे, आणि आता प्रिंटर चालू राहिला की ओरडा मला पडतो.